अंकाचं मशीन: १६ जीबीवरून ६४

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

गिरगावच्या स्टुडिओतून आठवड्यातला तिसरा फोन. काकांचं मशीन लटकतंय. दिवाळी अंक २४० पानांचा, म्हणजे सोळा पानी १५ फॉर्म. त्यातले चार लागलेत. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. सप्टेंबरच्या मध्याला फाइली छापखान्यात गेल्या नाहीत तर अंक स्टॉलवर येईपर्यंत लोकांचा फराळ संपलेला असेल.

स्टुडिओ ताईंचा. त्यांनी नव्या मशीनचं कोटेशन मागवून ठेवलंय, एक लाख चाळीस हजारांच्या पुढे. मला म्हणाल्या, "रॅम वाढवून भागेल का? भागणार असेल तर दहा हजारांत भागव." काकांचं निदान वेगळं: व्हायरस. काका मूळचे कंपोझिटर, शिशाचे खिळे जुळवत सुरुवात केलेले, आता इनडिझाइनवर. त्यांच्या लेखी मशीन बिघडायची कारणं दोनच, व्हायरस नाहीतर पाऊस.

मशीन चार वर्षांपूर्वी मीच घेऊन दिलेलं, सेकंडहँड वर्कस्टेशन. झिऑन ई५-१६५० व्ही४, सहा कोअरचा, २०१६ सालचा प्रोसेसर. मेमरीचे आठ स्लॉट, त्यात १६ जीबी रॅम. २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. विंडोज १०.

नोंदी ठेवायचं कारण असं की मागे दुसऱ्या एका ऑफिसात रॅम टाकली तेव्हा "फरक काय पडला?" या प्रश्नाला माझ्याकडे "बरा पडला" यापलीकडे उत्तर नव्हतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी मुद्दाम गेलो नाही. सकाळी सगळीच मशीनं शहाणी असतात. दुपारी चारला गेलो, काकांच्या मागे स्टूल घेऊन बसलो आणि त्यांना म्हटलं, मी नाही असं समजून काम करा.

उघडलेलं असं: इनडिझाइनमध्ये दोन फॉर्म, फोटोशॉपमध्ये मुखपृष्ठ, कोरलमध्ये एका ज्वेलर्सची जाहिरात (चौथ्यांदा बदलून आलेली), क्रोमचे पंचवीसेक टॅब, आणि जुन्या लेखकांचा श्रीलिपीतला (जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला) मजकूर युनिकोडमध्ये आणायला एक कन्व्हर्टर.

टास्क मॅनेजरमध्ये रॅम ९६ टक्के. तो आकडा पाहून मी घाबरत नाही, कारण रिकामी रॅम काही व्याज देत नाही. विंडोज ती कॅशेला, म्हणजे लागणाऱ्या गोष्टी हाताशी ठेवायला, वापरतंच. खरा आकडा त्याच्या खालचा, 'कमिटेड'. तिथे ३३ जीबी. म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून ३३ जीबीचा वायदा घेतलाय आणि घरात आहे १६. उरलेल्याचा भरवसा पेज फाइलवर, म्हणजे डिस्कवर. आता ही पेज फाइल कुठे? रिसोर्स मॉनिटर उघडला. डी ड्राइव्हवर. जुन्या हार्ड डिस्कवर! काका कोरलमधून फोटोशॉपमध्ये गेले की डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन बसते आणि 'हार्ड फॉल्ट्स'चा (रॅममध्ये नाही म्हणून डिस्कवर धाव घेण्याचा) आलेख भिंतीसारखा उभा राहतो.

हे किती वाईट आहे त्याचा हिशेब कागदावर मांडला. ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात डोकं सरकायचे आठ-नऊ मिलिसेकंद. एका तुकड्याला १३ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला जेमतेम ७५ तुकडे. विंडोजचं मेमरीचं पान ४ केबीचं. पानं विखुरलेली असतील तर सेकंदाला ३०० केबी. जीबीच्या भाषेत बोलायलाही लाज वाटावी असा वेग. प्रत्यक्षात पानं घोळक्याने उचलली जातात म्हणून इतकी दैना होत नाही, पण काकांचा चहा होतो तो याच वेळात.

मुखपृष्ठाची फाइलही पाहिली. चित्रकाराने ए३ आकारात ६०० डीपीआयला स्कॅन करून पाठवलेलं मूळ चित्र. ७,०१६ बाय ९,९२१, म्हणजे सहा कोटी शहाण्णव लाख पिक्सेल. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, तेव्हा पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे २७८ एमबी. लेयर २२. सगळे भरलेले नाहीत, पण निम्मे धरले तरी ३ जीबी गेले, आणि हे नुसतं उघडून ठेवायचं भाडं. त्यावर एखादा फिल्टर मारला की हिस्टरीत जुनी प्रत राहते. हिस्टरी किती ठेवलीय पाहिलं तर २००. फोटोशॉप मुळात ५० देतं. "चूक झाली तर मागे जाता येतं," काका म्हणाले. "खिळ्यांची गॅली सांडली की अख्खा दिवस जायचा. त्यापेक्षा हे बरं." यावर काय बोलणार.

फोटोशॉपच्या खालच्या पट्टीत 'एफिशियन्सी' दाखवता येते. हे पुष्कळ जणांना ठाऊक नसतं. १०० असेल तर काम रॅममध्ये चाललंय, त्याखाली गेलं तर स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅम पुरेना की फोटोशॉप जिथे पसारा टाकतं त्या डिस्कवर, धावपळ सुरू. काकांच्या पडद्यावर ३८.

पाया म्हणून तीन वेळा मोजून ठेवल्या, मोबाइलच्या स्टॉपवॉचने. मुखपृष्ठ उघडायला २ मिनिटं ५० सेकंद. इनडिझाइनमधून परत फोटोशॉपमध्ये जाऊन ब्रश हलेपर्यंत ४१ सेकंद. १६ पानी फॉर्मची छपाईची पीडीएफ काढायला ६ मिनिटं ४० सेकंद.

७ ऑगस्ट, गुरुवार

काका जेवायला गेल्यावर कॅबिनेट उघडलं. आत गिरगावची धूळ आणि पंख्याखाली पालीच्या अंड्याची दोन टरफलं. ब्लोअर मारला.

मेमरीवरचं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि पोटात गोळा आला. ८ जीबीच्या दोन स्टिक एकाच बाजूला शेजारीशेजारी बसलेल्या, एकाच चॅनलच्या दोन स्लॉटांत. हा प्रोसेसर चार चॅनलचा. प्रोसेसरच्या दोन्ही अंगांना दोन-दोन चॅनल, प्रत्येकाला दोन स्लॉट. चार रस्ते मोकळे असताना सगळी वाहतूक एका गल्लीतून. लावल्या कोणी होत्या? मीच. चार वर्षं.

कोणता स्लॉट आधी भरायचा याचं चित्र कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलेलंच आहे. ते पाहून एक स्टिक दुसऱ्या चॅनलवर हलवली. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरी पानावर 'सिंगल'चं 'ड्युअल' झालं. या स्टिक २१३३ वेगाच्या. २,१३३ गुणिले ८ बाइट, एका चॅनलला सेकंदाला सुमारे १७ जीबी, आता ३४.

काकांना फरक जाणवला? अजिबात नाही. पुन्हा मोजलं: पीडीएफ ६ मिनिटं ३१ सेकंद, बाकीचं होतं तसंच. दुखणं मेमरीच्या वेगाचं नाही, मेमरी पुरत नाही हे आहे, एवढं यातून नक्की झालं. माझी चूक सुधारली, पण तिचं श्रेय मागायला जाता येणार नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज पैसा खर्च न करता होणारं सगळं उरकलं. पेज फाइल डी ड्राइव्हवरून एसएसडीवर आणली. फोटोशॉपची स्क्रॅचही तिथेच. हिस्टरी २०० वरून ५० वर, काकांच्या नाराजीसह.

फाइल बदलताना ४१ सेकंद लागत होते तिथे १२ लागायला लागले. काका म्हणाले, "झालं की! रॅम कशाला आणतोस?"

क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण एसएसडी २५६ जीबीची, त्यातली ३१ जीबी मोकळी. फोटोशॉपची स्क्रॅच फाइल दुपारपर्यंत १९ जीबी झाली होती. हे रोज रेटलं तर एसएसडी भरून एक दिवस फोटोशॉप 'स्क्रॅच डिस्क भरली' म्हणून अंगावर येणार, आणि तो दिवस नेमका मुखपृष्ठ पाठवायचा असणार. शिवाय एसएसडीला लिहिण्याची मर्यादा असते. तिला रॅमचं काम लावणं म्हणजे पाहुण्याला रोज भांडी घासायला लावण्यासारखं.

३२ की ६४? कमिटेड ३३ वर होतं, म्हणजे ३२ घेतली तर पहिल्याच दिवशी काठोकाठ. चार चॅनल आहेत तर चार स्टिक. १६ च्या चार, ६४ जीबी. जुन्या दोन ठेवायच्या का? ठेवल्या तर ८० जीबी दिसतील, पण जुन्या २१३३ च्या असल्यामुळे नव्या २४०० च्या स्टिकनाही त्यांच्या चालीने चालावं लागेल, आणि दोन चॅनलवर जास्त, दोनवर कमी असं भरताड होईल. जुन्या काढायच्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडी अजून १९०३ ते १९०७ च्या गव्हर्नर साहेबांचंच नाव. ताईंच्या स्टुडिओतून ऑपेरा हाउसवरून चालत गेलो. छत्री असून गुडघ्यापर्यंत भिजलो. खरेदीच्या पिशवीत आधी दोन प्लास्टिकच्या पिशव्या कोंबल्या होत्या.

पहिल्या दुकानात "६४ जीबी डीडीआर४" (डीडीआर४ ही रॅमची पिढी) म्हटल्याबरोबर लाल-निळे दिवे लागणाऱ्या गेमिंगच्या स्टिक पुढे केल्या. "वर्कस्टेशन आहे, रजिस्टर्ड पाहिजे," म्हटल्यावर पोरगा म्हणाला, "साहेब, डीडीआर४ म्हणजे डीडीआर४. सगळी बसते."

बसते हे खरंच. गोम तिथेच आहे. डीडीआर४ ची साधी स्टिक आणि रजिस्टर्ड स्टिक, दोन्हींना २८८ पिना, खाचही त्याच जागी. हात अडत नाही, म्हणून माणूस फसतो. डीडीआर३ ला २४० पिना आणि खाच दुसरीकडे, ती निदान आत जातच नाही. रजिस्टर्ड स्टिकवर मधोमध एक वेगळी चिप असते. मेमरी कंट्रोलरकडून येणारे हुकूम आणि पत्ते आधी ती घेते आणि मग इतर चिपांना वाटते. कंट्रोलरवरचा भार हलका होतो, म्हणून एका चॅनलवर जास्त मेमरी बसवता येते. घरगुती मशीनच्या कंट्रोलरला ही मध्यस्थी कळत नाही. आणि या वर्कस्टेशनला मध्यस्थाशिवाय चालत नाही.

खूण लेबलवर असते. साध्या स्टिकवर पीसी४-२४००टी नंतर 'यू' ने सुरू होणारी अक्षरं, रजिस्टर्डवर 'आर' ने. त्याआधी '२आरएक्स४' असं काहीतरी. इथला 'आर' रँकचा, म्हणजे चिपांच्या गटांचा, त्याचा रजिस्टर्डशी संबंध नाही. माझा स्वतःचा यात एकदा घोळ झालेला आहे. लेबल फाटलं असेल तर चिपा मोजायच्या. साध्या स्टिकवर त्या बहुधा ८ च्या पटीत असतात, ईसीसीवर, म्हणजे चूक पकडणाऱ्या स्टिकवर (सर्व्हरच्या रजिस्टर्ड त्यातल्याच), ९ च्या, कारण ६४ बिटांच्या जोडीला चूक पकडायला आणखी ८ बिट लागतात, एकूण ७२. मधली रजिस्टरची चिप सोडून मोजायचं.

चौथ्या दुकानात, पहिल्या मजल्यावर, हवा तो माल मिळाला. सर्व्हरमधून काढलेल्या स्टिक, १६ जीबीच्या, २४०० च्या. ट्रेमध्ये भाजीवाल्याने मांडाव्यात तशा रांगेत. एकेक उचलून ट्यूबलाइटखाली धरली. सोनेरी दातांवर काळपट डाग असलेल्या दोन परत ठेवल्या. चारही एकाच कंपनीच्या, एकाच लेबलच्या निवडल्या. एकीला २,२०० रुपये, सहा महिन्यांची दुकानाची गॅरंटी. "बिल पाहिजे?" "पाहिजे." "मग जीएसटी लागेल." "लागू दे." बिलाशिवाय गॅरंटी म्हणजे दुकानदाराच्या मूडवर, आणि त्याचा मूड माझ्या हातात नाही.

दुकानदार सांगत होता, साध्या डीडीआर४ चे भाव यंदा उन्हाळ्यानंतर चढलेत. मोठ्या कंपन्या डीडीआर४ आवरती घेऊन डीडीआर५ कडे चालल्यात, त्यामुळे जुनं ते महाग. त्याच्या सांगण्यात विकायची घाई होती, पण बातमी खोटी नव्हती.

१३ ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी सहाला काकांनी मशीन सोडलं. पॉवर केबल काढली, मग पॉवरचं बटण दाबून धरलं आणि मदरबोर्डवरचा छोटा दिवा विझेपर्यंत थांबलो. मुंबईच्या ऑगस्टमध्ये स्थिर विजेची भीती कमी, हवाच ओली. इथे खरी भीती कपाळावरून टपकणाऱ्या घामाची. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, रुमाल डोक्याला बांधला.

जुन्या काढल्या. त्यांचे दात मंद झाले होते. समुद्र इथून चालत दहा मिनिटांवर. बरेच मेकॅनिक खोडरबर घासतात. मी घासत नाही. वरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ की दोन-चार वेळा घासला की खालचा धातू उघडा पडतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो तो वेगळाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती कपडा पुरतो.

चार नव्या बसवल्या, चित्रात दाखवलेल्या क्रमाने, चार चॅनलवर एकेक. बटण दाबलं.

पडदा काळा. पंखे फिरतायत. दहा सेकंद. वीस. ताई मागे उभ्या. तीस. "काही झालं का रे?" मी बटणाकडे हात नेला आणि आवरला. नवी रॅम पाहिली की मशीन पहिल्यांदा तिच्याशी ताळमेळ बसवतं, कुठल्या तारेवरून सिग्नल किती उशिरा येतो ते मोजतं. त्याला वेळ लागतो. अशा वेळी वीज तोडणाऱ्यांत मीही एके काळी होतो. पन्नासाव्या सेकंदाला कंपनीचा लोगो आला.

बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, ४८ जीबी.

पुन्हा सगळं बंद. तिसऱ्या स्टिकच्या एका टोकाचा चिमटा वर आलेला दिसत होता, पण पूर्ण मिटला नव्हता. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबलं. 'टक' असा आवाज एकदाच आला. दोनदा यायला हवा. काढून पुन्हा बसवली: टक, टक. आता ६५,५३६ एमबी, २४०० वर. सीपीयू-झेडमध्ये 'क्वाड'. चार चॅनलचे मिळून सेकंदाला ७६.८ जीबी, म्हणजे निदान कागदावर.

रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावून डोंबिवलीला निघालो. यूपीएसची बॅटरी एप्रिलमध्ये बदललेली आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मेमटेस्टमध्ये चुका शून्य. काकांना मशीन दिलं. दुपारी फोन आला तेव्हा मनात पाल चुकचुकली, पण काकांना विचारायचं होतं ते हिस्टरी परत २०० करू का. १०० वर तोडलं.

२० ऑगस्ट, बुधवार

मध्ये स्वातंत्र्यदिन, दहीहंडी, रविवार. सोमवारी आणि काल मंगळवारी पाऊस असा की काल ऑफिसांना सुट्टी जाहीर झाली, लोकल ठप्प, मोनोरेल तर माणसं घेऊन मध्येच अडकली. मी डोंबिवलीत खिडकीतून पाणी बघत बसलो.

आज सहज म्हणून काकांच्या मशीनचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हा हार्डवेअरच्या चुका नोंदवतो) पिवळ्या त्रिकोणांची रांग. 'करेक्टेड हार्डवेअर एरर', घटक मेमरी. १४ तारखेपासून ३७ नोंदी. काकांना काही जाणवलेलं नाही, मशीन एकदाही पडलेलं नाही.

मग मेमटेस्टने पास कसं केलं? चूक माझ्या समजुतीत होती. ईसीसी असलेल्या मशीनवर एखादा बिट उलटला तर मेमरी कंट्रोलर जोडीच्या आठ बिटांवरून ओळखतो आणि परस्पर दुरुस्त करून देतो. टेस्टने जे लिहिलं तेच तिला परत मिळालं. मधल्या मध्ये दुरुस्ती झाली हे तिच्यापर्यंत आलंच नाही. मुद्रितशोधक चांगला असेल तर कंपोझिटरच्या चुका वाचकाला दिसत नाहीत. (हे काकांना सांगितलं. हसले नाहीत.) ईसीसी एका बिटाची चूक निस्तरते, एकाच शब्दात दोन बिट उलटले तर नुसती ओळखते, आणि मग मशीन थांबवण्याशिवाय गत्यंतर नसतं. आज एक आहे म्हणून दिवाळीच्या तोंडावर दोन होणार नाहीत असं कोण सांगणार?

२१ ऑगस्ट, गुरुवार

चोर शोधला. चारही स्टिकना मार्करने क, ख, ग, घ लिहिलं. आधी क-ख काढल्या, ग-घ वर फोटोशॉपची एक जड अ‍ॅक्शन दोन तास फिरवली: सहा नोंदी. ग-घ काढून क-ख: शून्य. मग नुसती ग: शून्य. नुसती घ: चार. आता चूक स्टिकची की स्लॉटची? घ ला क च्या स्लॉटमध्ये लावलं. चूक तिच्याबरोबर गेली. स्लॉट निर्दोष, घ दोषी. दिवस त्यातच गेला. काका त्या काळात कागदावर प्रूफं तपासत बसले आणि एका लेखात 'शुद्ध' दोन ठिकाणी 'शुध्द' छापलेलं त्यांना सापडलं, तेव्हा दिवस अगदीच वाया गेला नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दुकानात घ परत नेली. दुकानदाराने स्वतःच्या मशीनवर लावली, विंडोज सुरू झालं. "चल रही है ना साहब?" चालते आहेच, तक्रार तिच्या चालण्याची नाही. इव्हेंट व्ह्यूअरचे फोटो दाखवले. त्याला ते पटलं असं वाटत नाही, पण बिल पाहून त्याने ट्रे पुढे केला. तेच लेबल उरलं नव्हतं. दुसऱ्या कंपनीची, पण २आरएक्स४, २४००, रजिस्टर्ड अशी घेतली. रँक आणि वेग जुळला की कंपनी वेगळी चालते, असा आजवरचा अनुभव. संध्याकाळी बसवली. या वेळी टक, टक नीट ऐकलं.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. स्टुडिओ दोन दिवस बंद, म्हणून आजच मोजमाप. चार दिवसांत डब्ल्यूएचईएची नोंद एकही नाही.

तीच फाइल, तेच प्रोग्रॅम, तीच दुपारची वेळ. मुखपृष्ठ उघडायला २ मिनिटं ५० सेकंदांऐवजी ३८ सेकंद. मात्र यात पेज फाइल एसएसडीवर हलवल्याचाही वाटा आहे, सगळं रॅमच्या नावावर टाकत नाही. इनडिझाइनमधून फोटोशॉपमध्ये यायला ४१ सेकंद लागत होते, आता मोजायला जावं तर बटण दाबेपर्यंत ब्रश हलतो. एफिशियन्सी १००. कमिटेड ३९ जीबी, म्हणजे जागा मिळाल्यावर प्रोग्रॅमही पाय पसरून बसलेत. फोटोशॉप मोकळ्या रॅमच्या ७० टक्के घेतं, तो आकडा तसाच ठेवला.

पीडीएफ: ६ मिनिटं ४० सेकंद होती, आता ६ मिनिटं ५ सेकंद. बस. ताईंना हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी चेहरा पडला. पीडीएफ काढताना टास्क मॅनेजर पाहिलं तर रॅम निवांत, डिस्क निवांत, बहुतेक वेळ एकच कोअर घाम गाळतोय आणि पाच जण उभे राहून बघतायत. २०१६ च्या कोअरचा वेग रॅम टाकून वाढत नाही. पीडीएफसाठी नवं मशीन घ्यायचं असेल तर ते कारण वेगळं, आणि १५ फॉर्मांमागे प्रत्येकी दोन मिनिटं वाचवायला दीड लाख घालायचे का, हे त्यांनी ठरवायचं. त्यांनी लगेच ठरवलं.

ताईंचा भाचा म्हणत होता, ६४ जीबी आहे तर पेज फाइल बंदच करा, आणखी फास्ट होईल. नको. प्रोग्रॅम मेमरीचा वायदा घेतात आणि वापरतात त्याहून कमी. पेज फाइल नसेल तर वायद्यांची एकूण मर्यादा ६४ वरच अडते आणि रॅम मोकळी दिसत असतानाही 'मेमरी संपली' येऊ शकतं. एसएसडीवर ८ जीबीची ठेवली. कोणाला जेवायला घालत नाही ती.

२ सप्टेंबर, मंगळवार

रिसेप्शनच्या मशीनमधून सारखी बीप येते म्हणून बोलावलं. काढलेल्या जुन्या ८ जीबीच्या दोन स्टिक मी ड्रॉवरमध्ये ठेवल्या होत्या. भाच्याला वाटलं, पडून आहेत तर तिथे लावू. त्या रजिस्टर्ड, ते मशीन साधं. सहज बसल्या, चिमटेही मिटले, आणि मशीन उठेना. काढल्या, त्याची जुनी ४ जीबीची परत लावली, चालू झालं. नुकसान काही नाही. ड्रॉवरमधल्या स्टिकना आता कागद गुंडाळलाय, त्यावर मराठीत लिहिलंय: 'फक्त काकांच्या मशीनला'.

९ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी शनिवारी झाली, रस्ते मोकळे. बारा फॉर्म छापखान्यात गेले, तीन जाहिरातींवर अडलेत. मुखपृष्ठ काल गेलं. डब्ल्यूएचईए अजून शून्य. हिस्टरी पाहिली तर पुन्हा २०० वर. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही काही बोललो नाही. एफिशियन्सी १०० च होती.

खर्च: चार स्टिकचे ८,८०० रुपये, वर जीएसटी, अल्कोहोलची बाटली, टॅक्सी एकदा. ताईंच्या दहा हजारांच्या थोडं वर गेलं, त्यांनी ते चहाच्या खात्यात घातलं.

राहिलेलं: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. अंक बाहेर पडेपर्यंत त्या विषयाला हात लावायचा नाही असं ठरलंय.

झाकणाच्या आत, स्लॉटच्या चित्राशेजारी, कोणती स्टिक कुठे आणि कधी बसवली तो कागद चिकटवला. घ वर 'बदललेली, २२ ऑगस्ट' असं. दुकानाचं बिल थर्मल कागदावरचं आहे, गॅरंटी संपायच्या आत शाई उडेल. त्याची झेरॉक्स काढून तीही तिथेच लावली.